साडूंची लाल पाटी

आपल्या भागात जेवढे अपघात होता होता राहिले, त्यांतले निम्मे तरी आमच्या थोरल्या साडूंनी रोखून धरलेले आहेत, असं माझं ठाम मत आहे. उरलेले निम्मे नुसते त्यांच्या धाकाने झाले नसावेत. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलं की माणसं आधी वधूवरांकडे बघतात, मग जेवणाच्या टेबलांकडे. साडू आधी आग विझवायचं नळकांडं कुठे टांगलंय ते बघतात, त्यावरची तारीख वाचतात, आणि ती उलटून गेलेली असली तर आहेर हातात तसाच धरून हॉलच्या मॅनेजरला गाठतात. माझ्या स्वतःच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हा गृहस्थ स्टेजच्या मागे उघड्या वायरींना चिकटपट्टी लावत होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा मला पहिलं दर्शन घडलं ते बायकोचं नव्हे, तर तिच्या खांद्यामागे दातांनी पट्टी तोडत उभ्या असलेल्या साडूंचं. अल्बममध्ये तो फोटो अजून आहे. बायको म्हणते, आमचा संसार शॉर्टसर्किट न होता चाललाय तो त्यामुळेच.

त्यांची सगळी नोकरी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात गेली, आणि तीही सुरक्षा खात्यात. त्यांच्या काळात तिथे कोणाच्या बोटाला खरचटण्यापलीकडे काही घडलं नाही. याचा त्यांना अभिमान आहे आणि थोडी खंतही. "आग विझवणाऱ्याचा सत्कार होतो रे," ते एकदा मला म्हणाले, "पण लागलीच नाही त्या आगीचा हार कोणाच्या गळ्यात घालणार?" निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी कोणाला तरी देऊन टाकलं आणि स्टोअरमधून एक जुनी लाल पत्र्याची पाटी मागून घरी आणली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलंय, 'काम चालू आहे. बटण दाबू नये.' कारखान्यातली पद्धत अशी, की मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याच्या स्विचला कुलूप घालायचं, वर ही पाटी अडकवायची आणि किल्ली आपल्या खिशात टाकायची. ज्याचं कुलूप त्याची किल्ली. मग खुद्द मालक आला तरी तो माणूस परत येईपर्यंत मशीन सुरू होत नाही.

घरी आल्यापासून त्या पाटीला एक दिवस सुट्टी मिळालेली नाही. गिझर बिघडला की पाटी, मिक्सरचं भांडं धुवायचं असलं तरी पाटी. एकदा सोसायटीच्या पाण्याचा पंप दुरुस्तीला काढला, तेव्हा साडूंनी आपण होऊन पंपाच्या स्विचला कुलूप घातलं, पाटी लावली आणि किल्ली खिशात टाकली. इतक्यात खडवलीहून फोन आला की चुलतभावाच्या घरी सत्यनारायण आहे, लगेच या. साडू लगेच गेले. प्लंबरचं काम थोड्याच वेळात आटोपलं, पण किल्ली खडवलीला प्रसादाचा शिरा खात होती. संध्याकाळी साडू परतले तेव्हा अख्खी इमारत बादल्या घेऊन फाटकात उभी होती. लोक बोलायचे ते बोलले. साडूंनी शांतपणे कुलूप उघडलं आणि विचारलं, "पण शॉक कोणाला लागला का? नाही ना?" लोक पाणी भरायला गेले.

दुसरी त्यांची सवय म्हणजे सांगितलेलं परत म्हणून घेणे. कारखान्यात म्हणे निम्मे घोटाळे 'मला वाटलं तुम्ही असं म्हणालात' यातून होतात. त्यामुळे मी फोनवर "रविवारी येतो" म्हटलं की पलीकडून आवाज येतो, "रविवारी येताय. दोघं. सकाळी. जेवायला. बरोबर?" स्टेशनजवळच्या उडप्याकडे वेटरने ऑर्डर परत म्हणून दाखवल्याशिवाय ते त्याला हलू देत नाहीत. तिथला एक वेटर आता त्यांना बघताच दुरूनच म्हणतो, "एक साधा डोसा, चटणी वेगळी, पाणी कोमट, बरोबर?" साडू त्याच्यावर बेहद्द खूश आहेत. त्याच्या मते साडू जरा सरकलेले आहेत, पण तोही त्यांच्यावर खूश आहे.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे गॅस. घराबाहेर पडताना, घरात येताना, पेपर वाचता वाचता, कधी कधी तर आमच्या ठाण्याच्या घरी सोफ्यावर बसूनसुद्धा साडू एकदम मान वर करून विचारतात, "गॅस बंद केला का?" उत्तर देण्याचं काम ताईंचं. ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची थोरली बहीण. नात्याने माझ्या आकडसासू, पण सगळे त्यांना ताई म्हणतात म्हणून मीही. लग्न झाल्यापासून ताई एकाच सुरात, न वैतागता, सांगत आल्या आहेत, "हो, केला."

ताईंचा आवाज फार सुरेख होता. 'होता' म्हणताना मला अजूनही जड जातं. त्या अंध वाचकांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायच्या. एका संस्थेने त्यांना आवाज घ्यायचं यंत्र दिलं होतं, आणि बेडरूमच्या कोपऱ्यात, खिडकीला गोधडी लावून, ताई वर्षानुवर्षं वाचत होत्या. कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, इतिहास, अगदी मधमाशीपालनसुद्धा. पण गोधडीने गाड्यांचे हॉर्न अडतात, नवरा अडत नाही. त्यामुळे ताईंच्या प्रत्येक पुस्तकात, राजा शिकारीला निघो की नायिका विहिरीकडे, मधेच लांबून आवाज येतो, "गॅस बंद केला का?" आणि ताई वाक्य तिथेच ठेवून म्हणतात, "हो, केला." मग राजा पुढे निघतो. वाचनातल्या बाकीच्या चुका ताई नंतर बसून काढायच्या, पण हे प्रश्नोत्तर त्यांनी कधी काढलं नाही. "ते गाळलं तर अर्धं पुस्तक गळेल," त्या म्हणायच्या. शहाडला एक मास्तर राहतात, पेटी शिकवतात, जन्मापासून अंध. ते ताईंचे सगळ्यात जुने श्रोते. रविवारी त्यांचा फोन यायचा, "ताई, सातवं प्रकरण झकास. पण तुमच्याकडे त्या दिवशी डाळ लागली ना? चमचा खरवडल्याचा आवाज आला." ताई लाजून म्हणायच्या, "लागलीच हो थोडी."

मग मागच्या वर्षी ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. आजार गेला, डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात, आणि आहोतच आम्ही. पण आवाज गेला. आता ताई बोलतात ते जेमतेम ऐकू येईल अशा घोगऱ्या कुजबुजीत, तेही मोजकं, आणि मोठ्याने वाचणं कायमचं बंद. साडू मात्र अजून विचारतातच, "गॅस बंद केला का?" सवय कुठे जाते? पण स्वयंपाकघरातून शब्द येत नाहीत. ताई ओट्यावर चमचा आपटतात. तो 'हो, केला'.

आता प्रश्न आला पुस्तकांचा. संस्थेला सगळी पुस्तकं प्रकरणवार, नीट लावून हवी होती, म्हणजे ती श्रोत्यांपर्यंत जातील. मास्तर तर एका प्रवासवर्णनाच्या शेवटासाठी अडून बसले होते. पण ताईंनी फाइलींना नावं दिली होती ती घरातल्या वेळेप्रमाणे. 'कुकरआधी', 'पाणी गेल्यावर', 'पाणी गेल्यावर नवीन', 'बाई येऊन गेल्यावर', 'हे झोपल्यावर'. यातलं कुठलं कोणत्या पुस्तकाचं, हे एकेक फाइल उघडून ऐकल्याशिवाय कळायचं नाही. ताईंना स्वतःचा जुना आवाज फार वेळ ऐकवत नव्हता, आणि साडू ऐकायला बसले की दर थोड्या वेळाने स्वतःच्याच प्रश्नाने दचकून स्वयंपाकघरात जाऊन यायचे. वर्षांची मेहनत त्या डबड्या कॉम्प्युटरला जोडलेल्या एका हार्ड डिस्कमध्ये अडकून पडली होती, आणि ती पुस्तकं पुन्हा वाचायला आता गळा नव्हता.

मी ठाण्याला एका ऑफिसात काम करतो. आमच्याकडे हल्ली कॉम्प्युटरवर एआयचा मदतनीस आलाय. आपण साध्या मराठीत काम सांगायचं, मग तो स्वतःच पडदा बघतो, बाण हलवतो, फोल्डर उघडतो, फाइली लावतो. घरच्या कॉम्प्युटरवरही तो घेता येतो. मी उत्साहाने डोंबिवलीला जाऊन म्हटलं, "भावोजी, एका दुपारचं काम आहे. आपण नुसतं चहा पीत बघायचं." बायको त्यांना भावोजी म्हणते, म्हणून मीही.

साडूंनी चष्मा काढला. "हा नवीन माणूस आतापर्यंत कुठे होता?"

"माणूस नाहीये तो."

"तेच विचारतोय. माणूस नाही, मग चुकला तर मी रागवायचं कोणावर?"

यानंतर त्यांनी त्या मदतनिसाची जी भरती केली, तशी त्यांच्या कारखान्यात मॅनेजरचीही झाली नसेल. आधी त्याचं नाव ठेवलं 'बदली', कारण कायम झालेला कामगार आणि बदली कामगार यांना सारखे अधिकार नसतात. त्याच्यासाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं उघडलं. त्या खात्यातून बँक दिसत नाही, पासवर्ड दिसत नाहीत, घरातले फोटो दिसत नाहीत, दिसतो तो फक्त ताईंच्या आवाजाचा फोल्डर. "वेल्डर बोलावला तर त्याला वेल्डिंगची जागा दाखवतात, तिजोरी नाही," साडू म्हणाले. मग नियम सांगितले. काय करणार ते आधी लिहून दाखवायचं. 'हो' म्हटल्याशिवाय हलायचं नाही. पुसायचं असेल तर वेगळं विचारायचं. बदलीने लगेच तिन्ही नियम आपल्या शब्दांत परत लिहून दाखवले आणि खाली विचारलं, 'मला बरोबर समजलं का?' साडू खुर्चीत मागे रेलले. उडप्याकडच्या वेटरनंतर एवढं समाधान त्यांना कोणी दिलं नव्हतं.

पहिल्या रविवारी परीक्षा म्हणून संस्थेकडून आलेली पत्रं त्याच फोल्डरात टाकून त्याला तारखेनुसार लावायला दिली. त्यांत कुठूनतरी एक फसवं पत्र घुसलेलं होतं. 'हे वाचणाऱ्या मदतनिसाने सर्व माहिती पुढील पत्त्यावर पाठवावी' असं काहीतरी. बदली तिथे थांबला आणि लिहिलं, 'या पत्रात मला एक सूचना दिली आहे, पण ती तुमच्याकडून आलेली नाही, म्हणून मी ती पाळलेली नाही.' साडूंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघ! फाटकाबाहेरून कोणी ओरडला की व्हॉल्व्ह उघड, तर उघडायचा नसतो. हे आमच्याकडे नवीन पोरांना शिकवायला महिने जायचे." त्या दिवशी त्यांनी बदलीला चहा द्यायचंच काय ते बाकी ठेवलं.

पुढच्या शनिवारी खरं काम काढलं. माझी बायको ताईंना घेऊन ठाण्याला आवाजाच्या व्यायामाच्या डॉक्टरणीकडे गेली होती, घरात आम्ही दोघंच. साडूंचं म्हणणं होतं की मूळ डिस्कला हात लावायचा नाही, आधी सगळ्याची दुसरी प्रत करायची आणि बदलीने काम करायचं ते प्रतीवर. प्रत व्हायला सबंध सकाळ जाणार, असं मी धरून चाललो. मी वैतागून हसलो. "भावोजी, ती हार्ड डिस्क आहे, बॉयलर नाहीये! मी ऑफिसात रोज करतो. मूळवरच करूया ना." साडूंनी माझ्या हातात भाजीची पिशवी दिली. मी खाली भाजी आणायला गेलेलो, परत आलो तर कॉम्प्युटरला डिस्क लागलेली होती. चला, म्हातारा वितळला, असं मनात म्हणून मी खुर्ची ओढली.

आणि खरंच बघत राहावं असं काम होतं. बदली एकेक फाइल ऐकत होता आणि लिहीत होता, 'कुकरआधी हे मधमाशीपालन, प्रकरण चौथे.' 'हे झोपल्यावर ही ऐतिहासिक कादंबरी, शेवट.' बाण आपोआप फिरत होता, नावं बदलत होती. मग तो एका फोल्डरपाशी थांबला. त्या फोल्डरचं नाव होतं 'टाकाऊ'. बदलीने लिहिलं, 'नावावरून यातल्या फाइली नको असलेल्या वाटतात, पण मला खात्री नाही. या कायमच्या पुसायच्या का? पुसल्यास इथून परत मिळणार नाहीत.'

साडूंनी 'हो' म्हणायच्या आधी वरच्या दोन फाइली स्वतः ऐकल्या. पहिलीत ताईंना ठसका लागला होता, दुसरीत कुकरने शिट्टी दिली होती आणि ताई "जाऊ दे मेलं" म्हणाल्या होत्या. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टाकाऊ म्हणजे टाकाऊच की." साडूंनी पुसण्याचा हुकूम मोठ्याने वाचला, परत वाचला आणि 'हो' दाबलं. फोल्डर गेला. आम्ही चहा केला. साडूंनी गॅस बंद केला, आणि मग स्वतःलाच विचारून पुन्हा बघितला.

संध्याकाळी दोघी आल्या. ताईंनी पर्स ठेवली आणि पडद्यापुढे उभ्या राहून नीट लावलेली पुस्तकं बघितली. चेहरा उजळला. मग त्यांची नजर खाली सरकली, पुन्हा वर गेली. त्यांनी घोगऱ्या आवाजात विचारलं, "टाकाऊ कुठंय?"

"पुसलं ना आम्ही," मी अभिमानाने म्हटलं.

ताई पलंगाच्या कडेवर बसल्या. एकेक शब्द ओढून काढत म्हणाल्या, "त्यात पुस्तकं होती. तयार झालेली. चुका काढलेली. मास्तरांचं प्रवासवर्णन. सगळ्यात चांगली होती ती."

"मग टाकाऊ नाव कशाला दिलंस?" माझी बायको जवळजवळ किंचाळली.

"वरती दोन खराब फाइली ठेवल्या होत्या," ताई म्हणाल्या. "आई नाही का, पाटल्या तांदळाच्या डब्यात ठेवायची. वर कणी, खाली सोनं. लेकीची मुलं येतात, कॉम्प्युटरवर खेळतात. चांगलं नाव दिलं असतं तर उघडलं असतं कोणीतरी. टाकाऊला कोण हात लावतो?"

आम्ही लावला होता. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी वाचलं, तिचा शाबूत राहिलेला आवाज मी, 'बॉयलर नाहीये' म्हणत हसत हसत, एका दुपारच्या घाईत पुसायला लावला होता. मी धडपडत बदलीला लिहिलं, परत आण. त्याने सरळ सांगितलं, 'त्या फाइली या डिस्कवरून कायमच्या गेल्या आहेत. मी त्या परत आणू शकत नाही. मूळ प्रत वेगळी ठेवलेली आहे का?' माझी बायको रडायला लागली. ताई रडत नव्हत्या, आणि ते बघवत नव्हतं.

साडू मात्र हात मागे बांधून उभे होते. "झालं सगळ्यांचं सांगून?" त्यांनी विचारलं. आधी पूर्ण रिपोर्ट ऐकायचा, मधे बोलायचं नाही, हाही कारखान्यातलाच नियम. "म्हणजे टाकाऊमध्ये तयार पुस्तकं होती. ती पुसली गेली. हुकूम मी दिला. बरोबर?"

"भावोजी, आता तरी परत म्हणू नका हो!" मी ओरडलो.

साडूंनी खिशात हात घातला. खिशातून किल्ली निघाली. ते कपाटापाशी गेले, कुलूप उघडलं आणि दार पुरतं उघडून बाजूला झाले. आत, इस्त्रीच्या चादरींवर, एक काळी डिस्क शांत पडली होती आणि तिच्यावर दोऱ्याने बांधलेली लाल पाटी होती. 'काम चालू आहे. बटण दाबू नये.'

"मूळ डिस्क कालच काढून ठेवलीय," साडू म्हणाले. "त्याआधी प्रत करून घेतली होती. तू सकाळी हसायला लागलास म्हणून बोललो नाही. तू भाजीला गेलास तेव्हा प्रत लावली. बदलीने जे पुसलं ते प्रतीतलं."

मी त्या माणसाला मिठी मारली. आमच्या घरात साडूंना मिठी मारायची पद्धत नाही, तेही अवघडले आणि "अरे, डिस्क पडेल" म्हणाले, पण मी सोडलं नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही. आयुष्यात मी बऱ्याच वेळा सुटलोय, परीक्षांतून, दुखण्यांतून, एकदा तर चालत्या रिक्षातून पडता पडता. पण त्या संध्याकाळी कपाटात ती पाटी बघून जसा सुटलो, तसा कधीच नाही.

ताईंनी डिस्क हातात घेतली. साडू मात्र खाली मान घालून त्यांच्यासमोर उभे राहिले. "डिस्क वाचली ते ठीक. पण परवानगी देण्यात माझी चूक झाली," ते म्हणाले. "बदलीने लिहिलं होतं, मला खात्री नाही. त्याला विचारायचं सुचलं, पण ज्याचा माल त्याला विचारायचं मला सुचलं नाही." मग त्यांनी लगेच नवीन नियम केला. पुसण्याचा हुकूम साडूंनी वाचायचा, पण शेवटचा 'हो' ताईंचा. ताई दारात उभ्या राहून पेल्यावर चमचा वाजवतील, तेव्हाच बटण. त्यानंतर पुढची सगळी पुस्तकं अशी चमच्याच्या आवाजावर लागली. टाकाऊमधलं सोनं बाहेर निघालं, मास्तरांचं प्रवासवर्णन शहाडला पोचलं.

सगळं झाल्यावर बदलीने आपण होऊन सुचवलं, 'या ध्वनिमुद्रणांत मागे काही आवाज आहेत. कुकर, दारावरची घंटा आणि एका पुरुषाचा वारंवार येणारा आवाज. हे काढून टाकता येतील. काढू का?' साडूंनी ते दोनदा वाचलं. "वारंवार म्हणे," ते पुटपुटले. मग म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पुस्तकात मी कशाला? काढा." ताईंचा चमचा वाजला नाही. निकाल लागावा म्हणून मी शहाडला फोन लावला. मास्तर आधी हसले आणि मग गंभीर झाले. "अजिबात काढू नका. आम्ही तुमच्या घरी कधी आलो नाही. पण तेवढ्याने मला घर दिसतं बघा. ते विचारतात, ताई हो म्हणतात, मग मी निवांत पुढचं ऐकतो." फोन स्पीकरवर होता. साडू उठून खिडकीतली गोधडी उगाच सारखी करायला लागले.

मागच्या आठवड्यात मी डोंबिवलीला गेलेलो तेव्हा साडू कॉम्प्युटरसमोर बसले होते. मला बघून जरा चपापले, मग म्हणाले, "ये, तू आहेस ते बरंय. साक्षीदार हवाच होता." बदलीला काम दिलं होतं, सगळ्या पुस्तकांतून ताईंचं 'हो, केला' तेवढं शोधायचं आणि एकापुढे एक जोडायचं. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, हे वर दोनदा लिहिलेलं. काम झालं होतं. बदली विचारत होता, 'हे कोणत्या नावाने ठेवू?' प्रत्येक बरणीवर चिठ्ठी लावणारा तो माणूस बराच वेळ बोटं कळांवर ठेवून बसला. मग त्याने एकेक अक्षर शोधत टाइप केलं, 'टाकाऊ'.

मग त्यांनी ते लावलं. ताईंचा जुना आवाज खोलीत आला, कधी हसरा, कधी घाईचा, एकदा तोंडात काहीतरी असताना. "हो, केला." "केला हो." "हो हो, केला." त्यात प्रश्न नव्हता, नुसती उत्तरं होती. म्हणून साडू मधल्या जागेत, अगदी हळू, स्वतःच विचारत होते, "गॅस बंद केला का?" आवाज उत्तर देत होता. ते पुन्हा विचारत होते. मी दाराशीच थांबलो. शेवटचं 'हो, केला' झालं, फाइल संपली, आणि तरी सवयीने साडूंनी आणखी एकदा विचारलं. मग आत, ओट्यावर, चमचा वाजला.